मैदानावरचे नागरिकत्व

दलाई लामांच्या मातोश्रींचे १९८१ मध्ये निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ खेळली जाणारी ‘ग्याल्युम चेन्मो’ सुवर्णचषक फुटबॉल स्पर्धा राजधानीच्या सत्तावर्तुळात कोणाच्या खिजगणतीतही नसते. भारतातील तिबेटी समाजाचे वर्तमान समजून घ्यायचे असेल, तर मात्र धरमशालेतील ठरावांपेक्षा ही स्पर्धा अधिक बोलकी ठरते. संघ उतरतात ते वसाहतींच्या नावाने. हिवाळ्यात नागपूर-पुण्याच्या पदपथांवर स्वेटर विकणारे कुटुंब, शिक्षणासाठी दिल्लीत आलेला मुलगा, बैलकुप्पेचा शेतकरी यांना एकत्र येण्याचे धर्माव्यतिरिक्त दुसरे निमित्त फारसे नाही. सोयरिकी जुळतात त्याही बहुधा अशाच गर्दीत!

या खेळाला राजकारण चिकटले ते बीजिंगच्या कृपेने. ३० जून २००१ रोजी कोपनहेगनमध्ये तिबेटचा संघ ग्रीनलंडशी खेळला आणि १-४ असा हरला. ‘फिफा’च्या खिजगणतीत नसलेल्या दोन हौशी संघांच्या या सामन्यावर चीनने डेन्मार्ककडे आक्षेप नोंदविला, तेव्हा त्याचे महत्त्व आपोआप वाढले.

भारतापुढचा प्रश्न मात्र वेगळा आहे. २६ जानेवारी १९५० ते १ जुलै १९८७ या काळात भारतात जन्मलेले तिबेटी कायद्याने भारतीय नागरिक ठरतात, हे दिल्ली उच्च न्यायालयाने २०१० व २०१६ मध्ये स्पष्ट केले. त्यानंतर जन्मलेले, म्हणजे आज मैदानावर धावणारे बहुतेक सारे, बव्हंशी नोंदणी प्रमाणपत्रावर राहणारे ‘परदेशी’ आहेत. राष्ट्रीय संघासाठी भारतीय पारपत्र बंधनकारक करण्याचे क्रीडा मंत्रालयाचे धोरण २००८ चे. त्यामुळे येथेच जन्मलेल्या गुणी खेळाडूला भारताची निळी जर्सी मिळणे दुरापास्त.

ज्यांना पारपत्र मिळू शकत होते, त्यांचीही कोंडी झाली. नोंदणी प्रमाणपत्र परत करा, वसाहत सोडा, निर्वासित म्हणून मिळणाऱ्या सवलतींवर पाणी सोडा, अशा अटी २०१७ मध्ये घालण्यात आल्या. नागरिकत्वाचा हक्क मान्य करायचा आणि त्याची किंमत म्हणून घर मागायचे, हा न्याय अजब होता. २०१४ च्या पुनर्वसन धोरणाने वसाहतींना जमिनीचे भाडेपट्टे व कल्याणयोजनांचा लाभ देऊ केला. त्या धोरणातील उदारतेशी या अटींचा मेळ बसत नाही. गृह व परराष्ट्र मंत्रालयांनी एकत्र बसून ही विसंगती तेव्हाच दूर करायला हवी होती.

२००९ च्या तिबेटी जनगणनेत भारतातील संख्या ९४ हजार २०३ होती. त्यानंतर तरुणांचा ओघ अमेरिका, कॅनडा व युरोपकडे राहिला. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची नोर्ग्येलिंग वसाहत १९७२ ची. अशा छोट्या वसाहतीतून चार-पाच धडधाकट मुले टोरांटोला गेली, तर संघ उभा करणेच कठीण.