त्वचेला चालतं ते फुफ्फुसाला का चालत नाही? व्हेपमधल्या व्हिटॅमिन ईची गोष्ट

व्हिटॅमिन ई म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मेडिकलमध्ये मिळणारी ती हिरवी कॅप्सूल, चेहऱ्याची क्रीम, केसांचं तेल. थोडक्यात, चांगली गोष्ट. मग 2019 मध्ये अमेरिकेत याच व्हिटॅमिनच्या एका रूपामुळे लोक आयसीयूत कसे पोहोचले?

त्या उन्हाळ्यात तिथल्या हॉस्पिटलांत धडधाकट तरुण मुलं श्वास लागतो म्हणून येऊ लागली. समान धागा एकच, व्हेपिंग. बहुतेकांनी गांजातला टीएचसी हा घटक असलेली, अनधिकृत मार्गाने मिळवलेली कार्ट्रिज वापरली होती. फेब्रुवारी 2020 पर्यंत सीडीसीकडे 2,807 रुग्णांची आणि 68 मृत्यूंची नोंद झाली. या आजाराला 'इव्हाली' हे नाव मिळालं.

संशोधकांनी 51 रुग्णांच्या फुफ्फुसातला द्रव तपासला. त्यातल्या 48 जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडलं. तुलनेसाठी घेतलेल्या 99 निरोगी लोकांपैकी एकातही नाही. हे तिथे आलं कुठून? टीएचसीचं तेल महाग आणि दाट. त्यात स्वस्त भेसळ करायची, पण तेल पातळ दिसता कामा नये. व्हिटॅमिन ई ॲसिटेट तसंच दाट, त्यामुळे गिऱ्हाइकाला पत्ताच लागत नाही.

आता थोडं आत डोकावूया

आपल्या प्रत्येक पेशीभोवती लिपिडचं, म्हणजे स्निग्ध रेणूंचं, दुहेरी पटल असतं. व्हिटॅमिन ईच्या रेणूला एक डोकं आणि एक लांब शेपूट असते. शेपूट पटलाच्या तेलकट भागात रुतते, डोकं पृष्ठभागाजवळ राहतं. पटलातल्या लिपिडचं ऑक्सिडेशन सुरू झालं की ते साखळीसारखं पसरत जातं. डोक्यावरचा हायड्रोजन देऊन व्हिटॅमिन ई ती साखळी तोडतं. म्हणजे एक प्रकारचा वॉचमनच.

ॲसिटेट रूपात मात्र नेमकं हे डोकं झाकलेलं असतं. कॅप्सूल गिळली तर काळजी नाही, कारण आतड्यातली एन्झाइम्स ते झाकण काढतात. फुफ्फुसात तेल थेट वायुकोशांपर्यंत जातं, तिथे ही पचनाची पायरीच नाही.

वायुकोशांच्या आतून सर्फॅक्टंटचा पातळ थर असतो. तोही मुख्यतः लिपिडचाच. ओली प्लास्टिकची पिशवी आतून कशी चिकटते? श्वास सोडताना वायुकोश तसे चिकटू नयेत, हे या थराचं काम. त्यासाठी त्यातले रेणू फरशीसारखे घट्ट बसावे लागतात. व्हिटॅमिन ईची लांब शेपूट या फरश्यांमध्ये घुसली तर थर सैल पडतो आणि त्याची ताकद जाते, असं संशोधकांनी मांडलेलं स्पष्टीकरण आहे. शिवाय हे ॲसिटेट तापवल्यावर किटीन नावाचा विषारी वायू तयार होतो, हे प्रयोगशाळेत दिसलं आहे. नेमकं नुकसान कशाने किती झालं, हे अजून पूर्ण सुटलेलं कोडं नाही. पण उंदरांना याची वाफ दिल्यावर त्यांच्याही फुफ्फुसांना इजा झाली.

मग आपल्याला काय त्याचं?

भारतात 2019 पासूनच ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात यांवर बंदी आहे. तरी व्हेप मिळतात, हे कॉलेजच्या कोणत्याही पोराला विचारा. बंदी हवी की नको, हा वेगळा वाद. पण चोरून विकल्या जाणाऱ्या वस्तूच्या आत काय भरलंय हे तपासणारं कोणी नसतं. अमेरिकेत घात झाला तो असाच. 'व्हिटॅमिनवालं आहे, सेफ आहे' असं कोणी सांगत असेल तर हे आठवा.

आम्ही सॉफ्टवेअरवाले एक गोष्ट ठेच लागून शिकतो: एका सिस्टीमवर टेस्ट झालेला कोड दुसरीवर चालेलच असं नाही. रेणूंचंही तसंच. 'सुरक्षित' हा शब्द नेहमी अर्धवट असतो. त्वचेवर सुरक्षित, पोटात सुरक्षित की श्वासातून सुरक्षित? पुढच्या वेळी कोणी मित्र व्हेप पुढे करेल, तेव्हा एवढाच प्रश्न विचारा: यातलं प्रत्येक रसायन फुफ्फुसासाठी तपासलंय का? उत्तर मिळत नसेल, तर तेच उत्तर समजा.