इंजिनाचा भाता फिरवायचा कोणी?

दोस्तांनो, बारामतीहून भवानीनगरमार्गे इंदापूरला जाताना रस्त्याकडेच्या एखाद्या रसवंतीत तुम्ही थांबला असालच. पट्ट्यावर चालणाऱ्या चरकात जाड ऊस घातला, की इंजिनाचा आवाज एकदम दबतो. ऐकलाय ना? तो आवाज ध्यानात ठेवा, आज कामाला येणार आहे.

एक लिटर पेट्रोल नीट जळायला सुमारे ९ हजार लिटर हवा लागते! म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायची, तर नुसतं जास्त पेट्रोल ओतून भागत नाही. हवाही कोंबावी लागते. लोहाराच्या भट्टीला भाता, तसा इंजिनाला सुपरचार्जर. पण हा भाता फिरवायचा कोणी?

सोपी पद्धत रसवंतीचीच. एक पुली इंजिनाच्या क्रँकशाफ्टवर, दुसरी सुपरचार्जरवर आणि मधे पट्टा. सुपरचार्जरची पुली लहान केली, की तो जोरात फिरतो, हवा जास्त दाबतो. हौशी मंडळी हाच बदल करतात. मात्र चरकात ऊस घातल्यावर होतं तेच इथंही होतं. भाता इंजिनाचीच ताकद खातो! शिवाय भार फार वाढला, की पट्टा घसरतो. मग दातेरी पट्टा, नाहीतर सरळ गिअर. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांच्या मर्लिन इंजिनात सुपरचार्जर गिअरवरच फिरे.

आल्फ्रेड ब्युखी या स्विस इंजिनिअरनं १९०५ साली वेगळंच डोकं चालवलं. इंजिनातून गरम धूर वाया जातो, त्यानंच चक्र फिरवलं तर? हाच टर्बो. आजच्या डिझेल ट्रकांत तोच असतो. खोट एवढीच, की धुराला जोर येईपर्यंत चक्र सुस्त.

आपल्या रेल्वेच्या डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनात तर मोठी गंमत आहे. सुरुवातीला भाता गिअरवर फिरतो. धुराला जोर आला, की क्लच आपोआप सुटतो आणि पुढं धूरच काम करतो. उतारावर पेडल न मारता सायकलचं चाक फिरतं ना, अगदी तसंच! २०१६ साली ऑडीनं एसक्यू७ गाडीत टर्बोच्या जोडीला ४८ व्होल्टच्या मोटरवर फिरणारा भाता दिला. टर्बो जागा होईपर्यंत तो हवा पुरवतो. त्याची वीजही शेवटी इंजिनच बनवतं म्हणा!

दादाच्या जुन्या जीपला असलं काही बसवायचा बेत असेल, तर थांबा. दाब वाढला, की ठिणगीची ज्योत पोचण्याआधीच काही पेट्रोल भडकतं. टकटक आवाज येतो, पिस्टनला भोकही पडू शकतं. आणि १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं, की आरसी बुकात नोंदलेल्या गाडीत असा परस्पर बदल करता येत नाही.

तोवर वहीत हे गणित सोडवा. इंजिनाची पुली १८ सेंटिमीटरची, भात्याची ६ची. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेतं, तर भाता किती घेईल? आणि ६च्या जागी ५ची पुली लावली तर?

(उत्तरं : ९,००० आणि १०,८००)