फुलवालीच्या प्रश्नाचे उत्तर

हॉलिवूडच्या जुन्या संगीतमय प्रेमपटांचे नाव निघाले की अनेक पुरोगामी कार्यकर्त्यांच्या कपाळाला आठी पडते. श्रमिकांना पाजलेली ही अफू, असा शेरा मारून ते मोकळे होतात. हा शेरा सोपा आहे आणि म्हणूनच अपुरा आहे. १९६४ सालचा 'माय फेअर लेडी' आज शेंदूरजनाघाटच्या एखाद्या घरात मोबाइलवरही पाहता येतो. तो पाहणाऱ्या वऱ्हाडी तरुणीला त्यात काय दिसेल, याचा विचार कोणी करावयाचा?

कथा परिचित आहे. लंडनच्या बाजारात फुले विकणारी एलायझा, तिच्या बोलीची टर उडविणारा ध्वनिशास्त्रज्ञ हिगिन्स, आणि सहा महिन्यांत तिला उमरावांच्या समारंभात उच्चकुलीन म्हणून खपविण्याची पैज. पु. ल. देशपांडे यांनी १९७५ साली 'ती फुलराणी'च्या रूपाने हीच कथा मराठी रंगभूमीवर आणली आणि भक्ती बर्वे यांनी ती गाजविली. दोहोंचे मूळ बर्नार्ड शॉ यांच्या 'पिग्मॅलियन' या नाटकात आहे. शॉ फेबियन समाजवादी होते, हे विसरता कामा नये.

त्या नाटकाचा कणा एक आर्थिक प्रश्न आहे. पैज जिंकली जाते तेव्हा एलायझा विचारते की, आता तिचे पुढे काय? पूर्वी ती फुले विकत होती, स्वतःला विकत नव्हती. 'बाईसाहेब' झाल्यावर विकण्यासारखे तिच्याजवळ स्वतःखेरीज काही उरले नाही. शॉ यांची एलायझा हिगिन्सचे घर सोडते, आणि तिचे लग्न त्याच्याशी झाले नाही, हे शॉ यांनी पुढे उपसंहार लिहून बजावले. चित्रपटात मात्र ती परत येते आणि हिगिन्स तिच्याकडे आपल्या सपाता मागतो. प्रश्न तेथेच गाडला गेला, आणि चित्रपटाला आठ ऑस्कर मिळाली. स्त्रीची वाणी बदलण्याच्या या कथेत खुद्द नायिकेची, ऑड्री हेपबर्नची, बहुतेक गाणी मार्नी निक्सन या गायिकेने गायिली, आणि तिचे नाव श्रेयनामावलीत नव्हते!

हा प्रश्न लंडनपुरता नाही. शेंदूरजनाघाट हे संत्र्यांचे आणि संत्र्यांच्या कलमांचे गाव. येथे जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात. फळ संत्र्याचे येते, परंतु मातीतून पाणी ओढते ते जंभेरीचेच मूळ. येथील माळ्याला जे कळते ते शिक्षणव्यवस्थेला कळलेले नाही. वऱ्हाडी मूल शाळेत तोंड उघडते आणि 'अशुद्ध' ठरते. नाटक-सिनेमांत त्याची बोली नोकराच्या किंवा विदूषकाच्या तोंडी पडते. पुढे जीभ वळवून, पदवी मिळवून ते बाहेर पडते, तेव्हा बागेत त्याचे मन रमत नाही आणि शहरात नोकरी मिळत नाही. एलायझाचा प्रश्न तो हाच.

ज्या मुलखात, रिद्धपूरला, तेराव्या शतकात म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' रचले, त्या मुलखाच्या जिभेला अशुद्ध ठरविण्याचा अधिकार कोणाचा? गाडगेबाबांनी कीर्तनात वऱ्हाडी सोडली नाही आणि त्यांच्या प्रश्नांना उत्तरे देताना शहाण्यासुरत्यांची भंबेरी उडे.

तेव्हा प्रमाण मराठी नको काय? इंग्रजी नको काय? हवीच, कष्टकऱ्यांच्या मुलांना ती मिळणे हा त्यांचा हक्क आहे. आक्षेप आहे तो भाषा बदलल्याशिवाय माणूस म्हणून मोजण्यास नकार देणाऱ्या व्यवस्थेवर, आणि भाषा शिकवून रोजगाराची जबाबदारी झटकणाऱ्या राज्यकर्त्यांवर. आणि खेड्यातील सभेत, शेतकऱ्यांच्या हिताची गोष्ट शेतकऱ्यांना न कळणाऱ्या पुस्तकी मराठीत सांगणारा कार्यकर्ताही हिगिन्सचाच भाऊबंद आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी हा चित्रपट अवश्य पाहावा. गाणी गोड आहेत, त्यांचा आनंद घेण्यात पाप नाही. मात्र हसू येईल तेव्हा ते फुलवालीवर येते आहे की तिला हसणाऱ्यांवर, एवढे तपासावे. आणि चित्रपट संपल्यावर शॉ यांचा गाडला गेलेला प्रश्न गावातल्या तरुणांपुढे पुन्हा मांडावा. तो वऱ्हाडीत मांडावा.