ठाण्यातला कागद म्हणजे भीक नव्हे!



२०१७ च्या फवारणीत आपल्या यवतमाळ जिल्ह्यात २० हून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने मेले. तेव्हा आम्ही एक शिकलो: पोलिसांचा कागद नसेल, तर मेलेला माणूससुद्धा सरकारदरबारी मेलेला नसतो.

कापसाची चोरी असो, मारहाण असो, लेकीबाळीवर अत्याचार असो. ठाण्यात फिर्यादीलाच आरोपीसारखे उभे करतात. १ जुलै २०२४ पासूनचा कायदा सांगतो: दखलपात्र गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवा, प्रत फुकट द्या, तपास कुठवर आला ते ९० दिवसांत कळवा. भरपाईसाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. हे आम्हाला सांगतो कोण?

आमची मागणी एवढीच: हे ठाण्याच्या दारावर मराठीत लिहा. प्रत हातात पडेपर्यंत आम्ही पायरीवरून उठणार नाही.