गॅब्रिएलची कैफियत

चित्रपट, आणि त्यांतही भयपट, म्हटला कीं आमचे सुशिक्षित रसिक त्याला साहित्यचर्चेच्या ओसरीवरही बसूं देत नाहींत. त्या भयपटांत स्वर्गांतले देवदूत परस्परांचीं काळजें उपटतांना दाखविले असले म्हणजे तर श्रद्धावंत आणि विद्वान या एरवीं एका पंक्तीस न बसणाऱ्या दोन्ही मंडळींचें एकमत होतें. श्रद्धावंत म्हणतात, ही पावित्र्याची विटंबना आहे. विद्वान म्हणतात, ही मिल्टनची विटंबना आहे. ग्रेगरी वाइडन यानें लिहिलेला व दिग्दर्शित केलेला ‘द प्रॉफेसी’ हा १९९५ सालचा अमेरिकन चित्रपट या दोन्ही आरोपांचा सहज धनी व्हावा असा आहे. ते दोन्ही आरोप टिकत नाहींत हें दाखविणें हा या लेखाचा पहिला हेतु. आणि ज्या खऱ्या अपराधाबद्दल त्या चित्रपटास जाब विचारला पाहिजे तो निराळाच आहे, हें सांगणें हा दुसरा.

प्रथम कथानक थोडक्यांत सांगितलें पाहिजे. सैतानाच्या बंडानंतर स्वर्गांत दुसरें युद्ध पेटलें आहे. ईश्वरानें मातीच्या मानवाला आत्मा दिला आणि आपल्या जुन्या सेवकांहून त्याला वरचें स्थान दिलें, हें ज्या देवदूतांस सहन झालें नाहीं त्यांचा नायक गॅब्रिएल. युग लोटलें तरी या युद्धांत कोणाचीच सरशी होत नाहीं. ही कोंडी फोडण्यासाठीं गॅब्रिएलला पृथ्वीवरील सर्वांत दुष्ट आत्मा हवा आहे. तो आत्मा हॉथॉर्न नांवाच्या, नुकत्याच मेलेल्या एका अमेरिकन कर्नलचा. कोरियाच्या युद्धांतील अघोर कृत्यांबद्दल या कर्नलवर पूर्वीं लष्करी खटला झालेला आहे. सायमन नांवाचा ईश्वरनिष्ठ देवदूत तो आत्मा प्रेतांतून काढून घेतो आणि ॲरिझोनांतील एका शाळेंत शिकणाऱ्या मेरी या मूळ रहिवाशांच्या मुलीच्या देहांत लपवितो. तिच्या रक्षणास उभीं राहतात तीं दोन साधीं माणसें: तिची शिक्षिका कॅथरिन, आणि डॅगेट हा पोलिस अधिकारी. धर्मगुरूची दीक्षा घेण्याच्या क्षणींच देवदूतांच्या रक्तपाताचें दर्शन झाल्यामुळें या डॅगेटची श्रद्धा उडालेली आहे.

आतां श्रद्धावंतांचा आक्षेप पाहूं. कुमारी मेरीला शुभवार्ता सांगणारा गॅब्रिएल. त्याला खलनायक करणें म्हणजे अधर्म नव्हे काय? या प्रश्नामागें देवदूताचें जें चित्र आहे तें धर्मग्रंथांतून आलेलें नसून नाताळच्या शुभेच्छापत्रांतून आलेलें आहे. गुलाबी गालांचें, पांढऱ्या पंखांचें, माणसांच्या किरकोळ अडचणी निवारणारें हें बाळ बायबलाला ओळखीचें नाहीं. बायबलांतला देवदूत एका रात्रींत अश्शूरी सैन्याचे १,८५,००० लोक मारतो. दाविदानें शिरगणति केली म्हणून जी मरी आली तींत ७०,००० माणसें मेलीं, आणि यरुशलेमवर हात उगारून उभा होता तो देवदूतच. खुद्द गॅब्रिएल जवळ येतांच दानीएल भीतीनें पालथा पडतो. आणि म्हातारपणीं मूल होईल या वार्तेविषयीं जखऱ्यानें शंका काढली, तेवढ्या अपराधासाठीं हाच शुभवार्तेचा दूत त्या वृद्धास मूल जन्मेपर्यंत मुका करून टाकतो. देवदूतांना भेटणाऱ्या माणसास बहुधा पहिलें वाक्य ऐकावें लागतें तें ‘भिऊं नको’ हें. ज्याच्या दर्शनानें भय वाटत नाहीं त्याला हें वाक्य उच्चारण्याचें कारण काय? ज्या सुमारास अमेरिकेंत दूरचित्रवाणीवर देवदूत दर आठवड्यास घरोघर सांत्वन वांटीत हिंडूं लागले, त्याच सुमारास वाइडननें देवदूताला त्याचें हरवलेलें भय परत दिलें. क्रिस्टोफर वॉकनचा गॅब्रिएल खुर्चीच्या पाठीवर पक्ष्यासारखा दबा धरून बसतो. त्याला मोटार हांकतां येत नाहीं. जगण्याला कंटाळलेल्या माणसाला तो मरूंही देत नाहीं, त्याच्याकडून चाकरी करून घेतो. हा प्राणी आपल्या जातीचा नाहीं, याची जाणीव अंगावर येते. विटंबना म्हणावयाची तर ती साखरेच्या देवदूतांना म्हणा.

विद्वानांचा आक्षेप अधिक भारदस्त वाटतो, म्हणून तो अधिक बारकाईनें पाहिला पाहिजे. मिल्टननें १६६७ सालीं जें महाकाव्य प्रसिद्ध केलें त्याच्या सहाव्या सर्गांत स्वर्गांतील युद्ध आहे. त्या विषयाला हात घालण्याचा अधिकार एका भयपटवाल्याला कोणीं दिला? परंतु आमचे विद्वान मित्र एक गोष्ट सोयीस्करपणें विसरतात. मिल्टनच्या युद्धवर्णनावर सर्वांत कठोर टीका केली ती डॉक्टर जॉन्सननें, आणि तिचा मुद्दा हाच कीं येथें चैतन्य आणि जड यांचा गोंधळ झालेला आहे: ज्यांना मरण नाहीं त्यांना चिलखतें कशाला आणि जखमा कसल्या? ‘द प्रॉफेसी’नें हा प्रश्न आपल्या ओबडधोबड रीतीनें सोडविला आहे. त्याचे देवदूत पृथ्वीवर उतरले कीं देहधारी होतात आणि काळीज उपटलें तर मरतात. उपाय उच्च काव्याचा नाहीं हें मान्य. पण अडचण ओळखून केलेला आहे. हा चित्रपट प्रकटीकरणाच्या ग्रंथाला एक तेविसावा अध्याय कल्पून जोडतो. मूळ ग्रंथाचे अध्याय बावीसच, आणि शेवटच्या अध्यायांत भर घालणाऱ्यास शाप दिलेला आहे. म्हणून कोणी कानांवर हात ठेवील. पण धर्मग्रंथांतील दोनचार ओळींवर बारा सर्ग उभारणाऱ्या मिल्टननें तरी दुसरें काय केलें?

आणि मत्सराची कल्पना कांहीं वाइडनच्या पदरची नाहीं. मिल्टनचा सैतान बंड करतो तो ईश्वरपुत्राच्या अभिषेकामुळें. मानवाविषयींच्या मत्सराची परंपरा त्याहून निराळी आणि जुनी आहे. आदामहव्वेच्या जीवनाविषयींच्या एका जुन्या, बायबलाबाहेर राहिलेल्या कथेंत सैतान म्हणतो, मी आधीं जन्मलों, धाकट्याला मीं कां नमावें? कुराणांत इब्लीसाचें उत्तर याच वळणाचें आहे: मी अग्नीचा, हा मातीचा. मराठी वाचकाला देवदूतांच्या पतनाची गोष्ट परकी वाटावयास नको. गोमंतकांत फादर स्टीफन्सचें ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ सालीं छापलें गेलें तेव्हांपासून ती ओवीबद्ध मराठींत आहे. या चित्रपटानें त्या प्राचीन मत्सराला एक नवी जोड दिली आणि ती मात्र अस्सल विसाव्या शतकाची आहे. मिल्टनचे बंडखोर आपली तोफ आपणच शोधून काढतात. वाइडनच्या देवदूतांना तें साधत नाहीं. युद्ध कसें जिंकावें, निर्दयपणा कोठवर न्यावा, हें शिकण्यासाठीं त्यांना एका मेलेल्या कर्नलाकडे यावें लागतें. ज्या मानवाला गॅब्रिएल बोलकें माकड समजतो त्याच्याच दारीं तो क्रौर्याची विद्या उसनी मागावयास येतो! मानवजातीवर इतका मर्मभेदी उपरोध या शतकांतल्या पुष्कळ प्रतिष्ठित कादंबऱ्यांतही आम्हांस आढळलेला नाहीं.

परंतु चित्रपटाचें खरें मर्म याहून खोल आहे, आणि त्यासाठींच हा लेखनप्रपंच. गॅब्रिएलची कैफियत एका वाक्यांत सांगावयाची तर ती अशी: मीं आजवर जें जें मारलें तें धन्याच्या हुकुमानें मारलें. मिसर देशांत पहिलीं अपत्यें मेलीं, नगरें भस्म झालीं, तेव्हां हात देवदूतांचे होते, इच्छा दुसऱ्याची होती. अशा सेवकानें स्वतःची विवेकबुद्धि कधीं वापरलीच नाहीं. तिची त्याला गरजच पडली नाहीं. आणि मग एके दिवशीं हुकूम येणें बंद झालें. चित्रपटाच्या अखेरीस डॅगेट त्याला विचारतो कीं, तुझी बाजू खरी ठरवावयाची होती तर तूं प्रत्यक्ष ईश्वरालाच कां विचारलें नाहींस? गॅब्रिएल उत्तर देतो कीं, तो आतां माझ्याशीं बोलत नाहीं. सबंध चित्रपटांत भयाची खरी जागा हीच. बाकीचें रक्त हा निव्वळ रंग होय. आज्ञाधारकपणाखेरीज ज्याच्याजवळ दुसरा सद्गुण नाहीं, त्याचा हात आज्ञा थांबली म्हणून थांबत नाहीं. मारण्याची संवय तेवढी शिल्लक उरते. १९४५-४६ सालीं न्यूरेम्बर्ग येथें ‘वरिष्ठांचा हुकूम होता’ ही सबब न्यायासनानें निर्दोषत्वाचें कारण म्हणून मान्य केली नाहीं. त्या निकालानंतरच्या जगांत देवदूतांच्या आज्ञाधारकपणाकडेही पूर्वीच्या भोळ्या डोळ्यांनीं पाहतां येत नाहीं. हा प्रश्न एका भयपटानें विचारावा आणि आमच्या साहित्यविवेचकांनीं तो भयपटानें विचारला म्हणून ऐकूं नये, यांत रसिकता कोठली?

येथें आपल्याकडील एक कथा आठवते. भागवताच्या सहाव्या स्कंधांत मरणोन्मुख अजामिळासाठीं यमदूत आणि विष्णुदूत समोरासमोर येतात. एका जीवासाठीं दोन प्रकारचे दूत झगडतात, येथवर साम्य आहे. पण तेथें वाद होतो तो धर्म कशास म्हणावें याचा; आणि परत फिरलेले यमदूत आपल्या धन्याकडे जाऊन सरळ विचारतात कीं, या जगाला शास्ते आहेत तरी किती? धनी त्यांना उत्तर देतो. त्यांचा गोंधळ फिटतो तो त्यांना विचारावयास जागा आहे म्हणून. गॅब्रिएलला ती जागा नाहीं. दोन्ही कथांतलें सारें अंतर एवढ्यांत सामावलें आहे.

आतां आमचा आरोप. इतका मोठा प्रश्न उभा करून या चित्रपटानें ऐन वेळीं पळ काढला. गॅब्रिएलला उत्तर कोणी द्यावयास हवें होतें? डॅगेटनें, कारण ईश्वराचें मौन त्यालाही भोंवलें होतें, आणि तरीही त्यानें हातीं खड्ग न घेतां एका पोरक्या भीतीच्या मुलीशेजारीं उभें राहणें पत्करलें होतें. मौनाखालीं एक देवदूत खुनी झाला आणि एक मनुष्य रक्षक झाला, हा विरोध कथानकांत तयार होता. त्याची परिणति होऊं न देतां वाइडन सैतानाला रंगभूमीवर आणतो. व्हिगो मॉर्टेन्सननें तो फार थंड आणि किळसवाण्या गोडीनें रंगविला आहे, याबद्दल वाद नाहीं. परंतु त्याचा युक्तिवाद काय? गॅब्रिएल जिंकला तर स्वर्गाचाही नरक होईल, आणि एक नरक असतांना दुसरा नको! म्हणजे नीतीचा प्रश्न दोन दुकानदारांच्या स्पर्धेवर येऊन ठेपला. सैतान गॅब्रिएलचें काळीज उपटून त्याला घेऊन जातो आणि प्रेक्षक सुटकेचा निःश्वास टाकतो. गॅब्रिएल मेला, त्याच्या कैफियतीला उत्तर मात्र मिळालें नाहीं. मागाहून सैतान डॅगेट आणि कॅथरिन यांना आपल्याबरोबर बोलावतो आणि तीं नकार देतात, हें खरें. पण लढाई संपल्यावर दिलेला नकार लढाईंतल्या उत्तराची जागा घेऊं शकत नाहीं.

दुसरा अपराध याच जातीचा आहे. मेरीच्या देहांतून तो दुष्ट आत्मा काढण्यासाठीं तिच्या जमातीचे लोक आपला विधि करतात. ख्रिस्ती स्वर्गाचें भांडण ज्यांच्या अंगणांत येऊन पडलें त्या लोकांची स्वतःची श्रद्धा या साऱ्याविषयीं काय म्हणते? चित्रपटाला तें ऐकण्याची इच्छा दिसत नाहीं. विधीचा धूर आणि ताल त्याला हवा आहे, त्यामागचा विचार नको. हुकुमाचा ताबेदार असलेला गॅब्रिएल माणसांना साधनाप्रमाणें वापरतो म्हणून आपण त्याला दोष द्यावयाचा, आणि दिग्दर्शकानें एका सबंध जमातीला साधनाप्रमाणें वापरलें तर त्याला कौशल्य म्हणावयाचें, हा न्याय आम्हांस मान्य नाहीं. याच नांवावर २००५ पर्यंत आणखी चार चित्रपट निघाले. १९९८ च्या दुसऱ्या भागांत मत्सरी गॅब्रिएलला अखेर माणूस होण्याची शिक्षा मिळते. ही कल्पना पहिल्याच चित्रपटाच्या गाभ्याला सुचावयास हवी होती. तेथें सुचली असती तर आज आम्हांला वकिली आणि फिर्याद दोन्ही एकाच लेखांत करावी लागती ना.

यावर कोणी म्हणेल, ‘अहो, ही करमणूक आहे, तिच्याकडून इतकी अपेक्षा कशाला?’ हा बचाव आम्हांला मूळ आक्षेपांहूनही घातक वाटतो. श्रद्धावंत निदान कृतीला महत्त्व देऊन रागावतात. हा बचाव तिला महत्त्वच देत नाहीं. ज्यानें प्रश्न विचारला नाहीं त्याच्याकडून आम्ही उत्तर मागत नाहीं. पण ज्यानें देवदूताच्या तोंडून ईश्वराच्या मौनाची तक्रार वदविली त्यानें ‘मी तर केवळ करमणूक करीत होतों’ असें म्हणून चालणार नाहीं. तीही शेवटीं वरच्या हुकुमाचीच सबब झाली, हुकूम येथें तिकिटविक्रीचा एवढेंच. भय ही साहित्यांत हलकी वस्तु नव्हे. तें माणसाला अशा दारापाशीं नेऊन उभें करतें जेथें तो आपण होऊन गेला नसता. ‘द प्रॉफेसी’ आपणांस त्या दारापर्यंत नेतो आणि तेथून परत फिरतो. नेल्याबद्दल त्याचे आभार मानावे, आणि परत फिरल्याबद्दल त्याला क्षमा करूं नये.