आडात थेंब नाही, पोहरा मात्र सोन्याचा

अमरावती आणि अकोल्यातल्या बहुतेक वेबसाइट उद्घाटनासाठी बांधलेल्या असतात. फीत कापली, पेढे वाटले, स्थानिक पेपरात ‘आता सर्व काही एका क्लिकवर’ अशी दोन कॉलमी बातमी आली, की तिचं अवतारकार्य संपतं. पुढे तिकडे ना मालक फिरकतो, ना बनवणारा. फिरकतो तो एखादा अडलेला माणूस, ज्याला खरोखर काही विचारायचं असतं. आणि नेमकं त्याच्यासाठीच तिथं एक अक्षर लिहिलेलं नसतं.

‘एकदा नजरेखालून घाला’ म्हणत नवशिके पोरं माझ्याकडे येतात. फोन पुढे करतात आणि पहिला प्रश्न ठरलेला: “रंग कसा वाटते, भाऊ?” मी मजकुराचं विचारतो. “तो टाकू ना मंग!” हा ‘मंग’ कधीच उजाडत नाही. आधी मांडव, मग आचारी आणि नवरदेवाचा पत्ताच नाही, अशी ही सगळी लगीनघाई आहे.

वरूड तालुक्यातलं शेंदुरजनाघाट संत्र्याच्या कलमांसाठी नावाजलेलं. त्या पट्ट्यातल्या एका रोपवाटिकेची वेबसाइट मला अशीच दाखवली गेली. उघडली की वर फोटोंची सरकती पट्टी. पहिल्या फोटोत कोट-टायवाले दोन गोरे हस्तांदोलन करताहेत. दुसऱ्यात संत्री, पण घट्ट सालीची, परदेशी. आपल्या सैल सालीच्या नागपुरी संत्र्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. तिसऱ्यात कानाला हेडफोन लावलेली हसरी बाई. खाली इंग्रजीत ‘अवर व्हिजन’, ‘अवर मिशन’, आणि समाधानी ग्राहकांचा भराभर चढत जाणारा आकडा. फोन नंबर होता, पण फोटोत रंगवलेला. त्यावर बोट ठेवून फोन लागत नाही.

आता कलमं घ्यायला निघालेल्या शेतकऱ्याला काय हवं असतं? खुंट जंभेरीचा की रंगपूर लिंबाचा? डोळा कोणत्या झाडावरून घेतला? कलम किती महिन्यांचं? परवाना आहे का? नगाला दर काय, आणि गाडीभाडं कोणाकडे? संत्र्याला धड फळ धरायला पाच वर्षं जातात. खुंट चुकला आणि मूळकूज-डिंक्या लागला, तर ती पाच वर्षं मातीत जातात. यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या वेबसाइटवर नव्हतं. मालकाला मात्र ती सगळी तोंडपाठ होती. रोज फोनवर तो तीच उत्तरं देत बसलेला असतो. वेबसाइट बनवणाऱ्याने त्याला लोगो विचारला, आवडता रंग विचारला, आजोबांचा फोटो मागितला. “लोक तुम्हाला काय विचारतात?” एवढंच विचारलं नाही.

इथंच सगळं पाणी मुरतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? आणि आमचे वेबडिझायनर पोहऱ्याला सोन्याचा मुलामा देण्याचे पैसे घेतात.

ही सवय येते क्लासेसमधून. खांबाखांबावर जाहिराती आहेत: महिन्याभरात वेब डिझायनिंग शिका, ब्लॉगिंगमधून घरबसल्या कमवा. शिकवतात काय? तयार साचा उचलायचा, त्यात नाव बदलायचं, फोटो सरकवायचे. ज्या वर्डप्रेसवर हे सगळं चालतं ते २००३ पासून जगाला फुकट उपलब्ध आहे. गिऱ्हाइकाला मात्र ‘खास तुमच्यासाठी कोडिंग केलं’ असं सांगायचं. पोराला विचारा, साध्या परिच्छेदाचा टॅग कोणता? तो कपाळाला आठ्या घालतो.

नवशिक्यांनो, एक काम करा. जगातली पहिली वेबसाइट पाहा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्नमध्ये केलेली आणि १९९१ मध्ये सगळ्यांसाठी खुली झालेली. सर्नने तिची जुनी प्रत पुन्हा उभी केली आहे. पांढरं पान, काळी अक्षरं, निळे दुवे. सरकणारं काही नाही, चमकणारं काही नाही. तीन दशकं उलटून गेली, तरी तुमच्या आजच्या फोनवर ती क्षणात उघडते आणि नीट वाचता येते. तुम्ही गेल्या दिवाळीत केलेली उघडते का? मेळघाटातल्या धारणीच्या बसस्टँडवर उभं राहून उघडून पाहा. फोनमधून काढलेला एकेक फोटो चार-पाच एमबीचा. असे दहा फोटो सरकत्या पट्टीत कोंबले, की तिथल्या माणसाने चाळीस-पन्नास एमबी आधी भरायचे आणि मग तुमचा पत्ता शोधायचा. तो कशाला थांबेल? फोटो बाराशे पिक्सेल रुंदीचा करा, दाबून दोनशे केबीच्या आत आणा. फुकटातलं काम आहे. पण यात दाखवण्यासारखं काही नसतं, म्हणून कोणी करत नाही.

आता लिपीकडे येतो, कारण खरी लाज इथं जाते. ‘वऱ्हाड’ हाच शब्द घ्या. युनिकोडमध्ये ‘ऱ’ या अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे. ते टाकायचं, पायमोड द्यायची, पुढे ‘ह’. संपलं. पण आमच्याकडच्या वेबसाइटवर हा शब्द कुठे ‘व-हाड’ असतो, कुठे ‘वर्हाड’. आणखी एक जात आहे: दिसायला अगदी बरोबर, पण आतून साधा ‘र’, पायमोड आणि न दिसणारं एक जोडचिन्ह घालून बनवलेली. डोळ्याला फरक कळत नाही. पानात शब्द शोधायला गेलात की पुष्कळदा यंत्राला तो कळतो आणि ते ‘सापडत नाही’ म्हणून मोकळं होतं. वऱ्हाडी अस्मितेच्या नावाने गळा काढणाऱ्यांना वऱ्हाडचं नाव धड टाइप करता येत नाही, हे राजेहो, कोणाला सांगायचं?

त्याहून जुनं दुखणं कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी यांसारख्या जुन्या फॉन्टांचं. लग्नपत्रिका आणि फ्लेक्स छापायला ते ठीक होते. डीटीपीवाल्याकडून आलेला तो मजकूर जसाच्या तसा वेबसाइटवर चिकटवला, की समोरच्याच्या फोनवर रोमन अक्षरांचा भुसा दिसतो. त्यावर आमचा तोडगा काय, तर मजकुराचा फोटो काढून तो चढवायचा. मग फोनवर अक्षरं मुंगीएवढी, शोधात ती सापडत नाहीत, आणि ज्याला डोळ्यांनी दिसत नाही त्याच्यासाठी वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर तिथं मुकं होतं. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची. तेव्हा जन्मलेल्यांची पोरं आज शाळेत जातात, आणि आम्ही अजून मराठीचे फोटो काढतो आहोत.

आणखी एक बारीक गोष्ट, जी फारसं कुणी शिकवत नाही. पानाच्या अगदी वरच्या टॅगमध्ये पानाची भाषा कोणती ते लिहायचं असतं. मराठीसाठी ‘एमआर’ ही दोन अक्षरं. साचा इंग्रजी, म्हणून आमच्या मराठी पानांवर तिथं इंग्रजीच लिहिलेलं राहतं. मग वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी मजकुरावर इंग्रजी आवाज लावतं. ज्या फॉन्टांत मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ दिलेले असतात, ते याच नोंदीवरून बाहेर येतात. नोंद नसेल तर हिंदी वळणाचे दिसतात. राज्य सरकारने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात मराठी वर्णमालेची रूपं ठरवून दिली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी अभिजात झाली, तेव्हा आपण पेढेही खाल्ले. पण दोन अक्षरं बदलायची तसदी घेतली नाही.

यानंतर येतो तो खरा दरोडा. वेबसाइटचं नाव, म्हणजे डोमेन, कोणाच्या नावावर आहे? अमरावतीतल्या दुकानदाराला विचारा. तो म्हणेल, “माझ्याच नावावर असंन ना!” नोंद काढा. ती असते वेबसाइट बनवणाऱ्या पोराच्या ईमेलवर. पोरगं पुण्याला नोकरीला लागतं, नंबर बदलतं, नूतनीकरणाची तारीख निघून जाते. मग तुमचं नाव दुसराच कोणी उचलतो आणि दुकानाच्या पत्त्यावर जुगाराच्या जाहिराती लागतात. हा धंदा जगभर इतका बोकाळला, की मार्च २०२४ मध्ये गूगलला मुदत संपलेली नावं उचलून केलेल्या गैरप्रकारावर वेगळा नियम करावा लागला. सातबारा दुसऱ्याच्या नावावर करून कोणी विहीर खोदत नाही. वेबसाइटच्या बाबतीत मात्र भलेभले तेच करतात. नाव स्वतःच्या ईमेलवर, स्वतःच्या पैशाने घ्या. पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र ‘लेट्स एन्क्रिप्ट’ फुकट देतं. त्याचे वर्षाला वेगळे पैसे लावणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा.

आता ब्लॉगवाल्यांचं. यांना सगळं लवकर हवं. ‘दहा सोपे उपाय’, ‘पाच चमत्कारी फायदे’, वर जाहिराती, खाली जाहिराती. मजकूर कुठून? इंग्रजीतून यंत्राने उलथवलेला, नाहीतर शेजारच्याचा ढापलेला. हल्ली तर आंधयं दयते अन् कुत्रं पीठ खाते: यंत्र लिहितं, दुसरं यंत्र ते उचलतं, आणि वाचणारा उपाशीच. शोधयादीत वर येण्यासाठी ढिगाने पाडलेला मजकूर, माणसाने पाडलेला असो की यंत्राने, गैरप्रकारात मोडतो, असंही गूगलने त्याच मार्चमध्ये जाहीर केलं. पण मला गूगलपेक्षा वेगळी भीती आहे. अकोल्याचा कापूसवाला रात्री फोनवर ‘बोंडअळी फवारणी’ शोधतो. त्याला मिळतो तारीख नसलेला, लेखकाचं नाव नसलेला, कुठून तरी उचललेला औषधांच्या मिश्रणाचा सल्ला. २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भ हवालदिल झाला, आणि त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यानंतर काही कीटकनाशकांच्या विक्रीवर काही काळ बंदी आली. कोणत्या सालचा सल्ला आहे, हे न लिहिणाऱ्याने या प्रांतात शेतीवर लिहिणं हा गुन्हा आहे. मी सौम्य शब्द शोधला, सापडला नाही. कृषी विद्यापीठ १९६९ पासून अकोल्यातच आहे. जाऊन विचारा, आणि कोणाला विचारलं, कधी विचारलं, ते लिहा.

लिहायचं कसं, हे शिकायला आम्हाला अमेरिकेतला गुरू लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला तेराव्या शतकात म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम केलं. ज्यांनी चक्रधरांना पाहिलं, ऐकलं, त्यांच्याकडे ते गेले, एकेक आठवण विचारून घेतली आणि साध्या बोलत्या मराठीत उतरवली. छोटी वाक्यं, प्रसंग, कोण बोललं, कुठे बोललं. याच रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ झालं आहे. आणि याच जिल्ह्यातले गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यालाच प्रश्न विचारत, त्याच्याच वऱ्हाडी बोलीत, आणि उत्तर त्याच्याच तोंडून काढून घेत. दारात एवढं असताना आमचा ब्लॉगर ‘नमस्कार मित्रांनो, आज आपण जाणून घेणार आहोत’ असं सुरू करतो आणि तीन परिच्छेद काहीच जाणू देत नाही.

काही शहाणे म्हणतात, वेबसाइट हवीच कशाला? गिऱ्हाईक फेसबुकवर आहे, व्हॉट्सॲपवर आहे. असू द्या की. तिथंही जा. पण ऑर्कुट आठवतं? आपल्याकडची निम्मी कॉलेजं तिथं पडीक असायची. ३० सप्टेंबर २०१४ ला ते बंद झालं. त्याआधी २००९ मध्ये याहूने जिओसिटीज बंद केलं आणि लोकांनी हाताने बांधलेली असंख्य पानं पुसली गेली. मालकाने घर रिकामं करायला सांगितलं, की भाडेकरूचं काही चालत नाही. आपलं म्हणून काही असावं, ते आपल्या नावाच्या पत्त्यावर असावं, आणि त्याची एक प्रत आपल्या घरच्या पेनड्राइव्हवर असावी.

दुसरे म्हणतात, दिसायला चांगलं नको का? हवं ना. मोठी अक्षरं, दोन ओळींत मोकळी जागा, पांढऱ्यावर काळं, आणि ‘मुक्ता’सारखा फुकट मिळणारा नीटस फॉन्ट. साठीच्या काकूंना चष्मा न शोधता वाचता आलं, की दिसायला चांगलं झालं. जांभळ्यावर पिवळं लिहून वर बर्फ पाडणं म्हणजे सौंदर्य, हा गैरसमज क्लासेसनी फी घेऊन पसरवला आहे.

म्हणून वेबसाइट करायला निघालेल्या प्रत्येकाला माझं एकच सांगणं. डिझायनरकडे जाण्याआधी वही काढा. लोक तुम्हाला रोज विचारतात ते दहा प्रश्न लिहा आणि खाली त्यांची खरी उत्तरं लिहा: दरासकट, पत्त्यासकट, तारखेसकट. तेवढं झालं की तुमची वेबसाइट झाली. उरलेलं काम एका दुपारचं आहे. आणि ती दहा उत्तरं लिहिता येत नसतील, तर पैसे वाचवा आणि दुकानावरची पाटी रंगवून घ्या.