लहान काडतुसाचा मोठा धडा

मराठी मुलखातील जुन्या तालमींत घोडेस्वाराला भाल्याचे शिक्षण देताना पहिल्याच दिवशी धारदार पात्याचा भाला त्याच्या हाती दिला जात नसे. आधी मिळे ती बोथाटी. तिची लांबी भाल्याची, पेलण्याची रीत भाल्याची, घोड्यावरील बैठकही तीच. टोकाला मात्र पात्याऐवजी मऊ गोळा बांधलेला. तलवारीच्या शिक्षणात हेच कार्य फरी-गदगा करीत असे. चामड्याने मढवलेला गदगा अंगावर बसला तर वळ उठे, पण हात तुटत नसे. चूक करण्याची मुभा नसेल तर विद्या येत नाही आणि प्रत्येक चुकीचे मोल प्राणाने चुकवावे लागले तर विद्यार्थीच उरत नाही, हे त्या वस्तादांना पुरते ठाऊक होते. शस्त्राची धार काढून घ्यावी, पण शस्त्राचा ढंग तसाच राखावा, हे त्यांच्या शिक्षणाचे सूत्र होते.

हेच सूत्र आधुनिक काळात रायफलीलाही लागू झाले. थ्री-नॉट-थ्रीसारख्या युद्धातील रायफलीत योग्य ते फेरफार करून तिच्यातून पॉइंट टू-टूचे चिमुकले काडतूस उडवण्याची सोय करण्यात आली आणि नवशिक्याच्या हाती जणू बंदुकीची बोथाटी आली. तांत्रिक वाटणाऱ्या या लहानशा गोष्टीत राष्ट्राच्या युवाशक्तीला शिस्त लावण्याचा एक मोठा विचार दडलेला आहे. आज त्या विचाराकडे पुन्हा गांभीर्याने पाहण्याची आवश्यकता निर्माण झाली आहे.

धक्का आणि दचक

दोन्ही काडतुसांतील भेद प्रथम समजून घ्यावयास हवा. थ्री-नॉट-थ्रीचे काडतूस 'सेंटरफायर' जातीचे. त्याच्या बुडाच्या मध्यभागी ठिणगी देणारी लहानशी टोपी बसवलेली असते आणि रायफलीची पिन नेमकी तिच्यावर आदळते. पॉइंट टू-टूचे काडतूस 'रिमफायर' जातीचे. त्यात पेट घेणारे द्रव्य बुडाच्या कडेत भरलेले असते आणि पिनचा आघात त्या कडेवर होतो. ही कड चेपली जावी म्हणून काडतुसाचा पत्रा पातळ ठेवावा लागतो. पातळ पत्रा मोठा दाब सोसू शकत नाही, म्हणून त्यातील दारूही बेताचीच असते.

याचा परिणाम आकड्यांत पाहण्यासारखा आहे. थ्री-नॉट-थ्रीची गोळी सुमारे ११ ग्रॅम वजनाची आणि तिचा वेग सेकंदाला ७४० मीटरच्या आसपास. पॉइंट टू-टूची गोळी जेमतेम अडीच ग्रॅमची आणि वेग सुमारे ३३० मीटर. दोघींच्या ऊर्जेत वीस पटींहून अधिक अंतर पडते. तेवढ्याच प्रमाणात नसला तरी खांद्यावर बसणारा धक्का आणि कानावर आदळणारा आवाज पुष्कळच कमी होतो.

नेमबाजीच्या प्रशिक्षकांना सर्वाधिक त्रास देणारा शत्रू म्हणजे नवशिक्याची दचक. पहिल्याच दिवशी खांदा सडकून निघाला, की पुढच्या वेळी चाप ओढण्यापूर्वीच त्याचे डोळे मिटतात, खांदा आखडतो आणि बोट चाप दाबण्याऐवजी त्याला हिसडा देते. गोळी सुटण्याआधीच नेम हुकलेला असतो. ही खोड एकदा अंगात मुरली, की ती घालवण्यास महिनोन् महिने लागतात. लहान काडतूस ही खोड जडूच देत नाही. विद्यार्थ्याचे लक्ष धक्क्याच्या भीतीवरून श्वास, पकड, दृष्टी आणि चाप या चार गोष्टींवर स्थिरावते. सुमारे चार किलोचे वजन तेच, दस्ता तोच, बोल्ट मागे-पुढे करण्याची क्रियाही तीच. पुढे मोठे काडतूस हाती आले तरी शरीराला काही नवे शिकावे लागत नाही.

पराभवातून आलेले शहाणपण

हे शहाणपण ब्रिटिशांनाही सहजासहजी सुचले नव्हते. १८९९च्या डिसेंबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत बोअर शेतकऱ्यांनी एका आठवड्यात स्टॉर्मबर्ग, मागर्सफाँटेन आणि कोलेन्झो अशा तीन ठिकाणी ब्रिटिश सैन्याला खडे चारले. लहानपणापासून रायफल हाताळणाऱ्या बोअरांपुढे कवायतीत वाढलेल्या शिपायाची नेमबाजी उणी पडली, हे सत्य साम्राज्याला झोंबले. १८८५ ते १८९३ या काळात हिंदुस्थानात सरसेनापती असलेले आणि कोलेन्झोच्या लढाईत पुत्र गमावलेले लॉर्ड रॉबर्ट्स यांनी पुढे सामान्य नागरिकांच्या नेमबाजी मंडळांची चळवळ उचलून धरली. गिरणीतील कामगाराला आणि कचेरीतील कारकुनाला परवडेल, लहानशा बंदिस्त जागेतही सराव करता येईल, असे साधन हवे होते. पॉइंट टू-टूने ती गरज भागवली.

त्याच सुमारास लष्करातील जुन्या ली-मेटफर्ड आणि ली-एनफिल्ड रायफलींचे रूपांतर सुरू झाले. काहींच्या नळीत लहान व्यासाची दुसरी नळी बसवली गेली, काहींना नळीच नवी देण्यात आली. पिनचा आघात काडतुसाच्या कडेवर व्हावा यासाठी बोल्टच्या अग्रभागात बदल झाला. १९२१मध्ये मान्यता मिळालेला यातील एक प्रकार पुढे 'नंबर २, मार्क ४' या नावाने ओळखला जाऊ लागला. त्यात एका वेळी एकच काडतूस भरता येई आणि मॅगझिनची रिकामी पेटी उडालेली टरफले झेलण्याच्या कामी येई. एकेक गोळी विचारपूर्वक भरावयाची, नेम धरावयाचा, श्वास रोखावयाचा आणि मग चाप दाबावयाचा! ही सक्तीची मंदगती हाच त्या रायफलीचा सर्वांत मोठा गुण ठरला.

यातील उपरोध भारतीय वाचकाच्या ध्यानी आल्यावाचून राहणार नाही. जे राज्यकर्ते आपल्या देशातील कारकुनाला रायफल शिकवण्यासाठी धडपडत होते, त्यांनीच १८७८च्या शस्त्र कायद्याने भारतीयांना परवान्यावाचून शस्त्र बाळगण्यास बंदी केली होती आणि युरोपियनांना मात्र त्यातून सूट दिली होती. शस्त्र गेले, त्यासोबत शस्त्राविषयीची जाणही गेली. पिढ्यान् पिढ्या ज्या समाजाने बंदूक केवळ शिपायाच्या किंवा दरोडेखोराच्या हाती पाहिली, त्या समाजाच्या मनात तिच्याविषयी एक तर भय उरते, नाही तर आकर्षण. जबाबदारीची भावना या दोहोंतून निर्माण होत नाही.

एनसीसीचा वारसा

स्वातंत्र्यानंतर पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशीनुसार १९४८मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजेच एनसीसी, अस्तित्वात आली आणि दुसऱ्याच वर्षी तीत मुलींचा विभागही सुरू झाला. तेव्हापासून लाखो भारतीय तरुणांची रायफलीशी पहिली ओळख पॉइंट टू-टूच्या माध्यमातूनच झाली. आजही छात्रांच्या हाती पहिल्यांदा येते ती याच बोअरची रायफल. अंजली भागवत यांची नेमबाजीशी ओळख एनसीसीतच झाली. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१०मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या, त्या याच लहान काडतुसाच्या बळावर. १ ऑगस्ट २०२४ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकावले, तो प्रकारही पॉइंट टू-टूचाच. खाशाबा जाधवांच्या १९५२मधील हेलसिंकीच्या पदकानंतर मराठी मातीला वैयक्तिक ऑलिंपिक पदकासाठी ७२ वर्षे वाट पाहावी लागली होती. ती प्रतीक्षा संपवणारी गोळी अडीच ग्रॅमची होती!

काटकसर कोठे करावी?

पदकांचा आनंद मानताना एका कटू स्मृतीकडे पाठ फिरवता येणार नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर स्वयंचलित शस्त्रांच्या माऱ्यासमोर काही पोलिसांच्या हाती जुनी थ्री-नॉट-थ्री होती. हुतात्मा तुकाराम ओंबळे यांनी तर गिरगाव चौपाटीजवळ कसाबच्या रायफलीची नळीच हातांनी धरली. त्या शौर्यापुढे राष्ट्र आजही नतमस्तक आहे. परंतु शिपायाच्या शौर्यावर विसंबून व्यवस्थेने आपली उणीव झाकणे योग्य नव्हे. हल्ल्यानंतर नेमलेल्या राम प्रधान समितीने सरावासाठी दारूगोळा पुरेसा मिळत नसल्याच्या दुखण्यावरही बोट ठेवले होते. जो शिपाई वर्षानुवर्षे गोळी झाडत नाही, त्याच्या हाती अत्याधुनिक शस्त्र दिले तरी ऐन वेळी त्याचा हात स्थिर राहील, अशी अपेक्षा कशी करावी?

मोठे काडतूस महाग, त्यासाठी लागणारे मैदान विस्तीर्ण, त्याचा बंदोबस्त खर्चिक. त्यामुळे सरावाला कात्री लागते. लहान काडतूस त्यामानाने पुष्कळ स्वस्त आणि थोड्या जागेत भागणारे. वर्षातून एकदा पाच मोठ्या गोळ्या झाडून नोंदवहीत सही करण्यापेक्षा दर महिन्याला पन्नास लहान गोळ्या झाडणारा हात अधिक तयार होतो, हे कोणताही प्रशिक्षक सांगेल. अमेरिकी सैन्याने आपल्या एम-१६ रायफलीसाठी 'एम-२६१' नावाचा रूपांतर-संच वापरात आणला, तो याच हिशेबाने. त्या रायफलीची गोळी आणि पॉइंट टू-टूची गोळी यांची जाडी जवळजवळ सारखीच असल्याने नळी बदलण्याची गरज पडली नाही.

अर्थात या पद्धतीच्या मर्यादाही प्रांजळपणे मान्य केल्या पाहिजेत. लहान गोळी दूरवर लवकर खाली येते, वाऱ्याने ढळते. मोठ्या काडतुसासाठी आखलेली नळी तिला तितकीशी मानवत नाही, त्यामुळे अचूकता काहीशी घटते. आणि धक्का कधीच न सोसलेला विद्यार्थी खऱ्या धक्क्याला सामोरा जाण्यास सिद्ध झाला, असे म्हणता येत नाही. म्हणून बोथाटीनंतर भाला हाती घ्यावाच लागतो. लहान काडतूस ही पहिली इयत्ता आहे. तिच्यावरच शाळा संपवणे ही आत्मवंचना ठरेल. शिवाय लहान म्हणजे निरुपद्रवी नव्हे. ही इवलीशी गोळीही दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते आणि माणसाचा प्राण घेऊ शकते. तिला खेळणे समजणारा प्रशिक्षक मोठ्या रायफलीच्या प्रशिक्षकाहून अधिक धोकादायक होय.

कायदा आणि संस्कार

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. रायफलीचे रूपांतर हे घरच्या हत्यारपेटीचे काम नव्हे. १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार अग्निशस्त्राची निर्मिती, दुरुस्ती वा रूपांतर करण्यास परवाना लागतो. नळी आणि बोल्ट यांच्या जुळणीत केसाएवढी चूकही शिकणाऱ्याच्या डोळ्यांवर बेतू शकते. हे काम सरकारी शस्त्रनिर्माण्यांतील कुशल कारागिरांनीच करावे आणि प्रत्येक रायफल कसोटीला उतरल्यावरच शिक्षणासाठी द्यावी. उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२०च्या प्रजासत्ताकदिनी थ्री-नॉट-थ्रीला समारंभपूर्वक निरोप दिला. अशा निवृत्त रायफलींतील सुस्थितीतील नग निवडून, त्यांचे प्रशिक्षणासाठी रूपांतर करून ते एनसीसीकडे आणि पोलीस प्रशिक्षण केंद्रांकडे सोपवता येतील काय, याचा विचार शासनाने अवश्य करावा. ईशापूरच्या रायफल कारखान्याला थ्री-नॉट-थ्रीची नस न् नस ठाऊक आहे. सेवेतील ५.५६ मिलिमीटरच्या रायफलींसाठीही अशा रूपांतर-संचाचा विचार व्हावयास हरकत नाही.

मध्यमवर्गीय पालकांच्या मनात मात्र एक शंका घर करून असते. मुलाच्या हाती बंदूक दिली, तर तो हिंसक तर होणार नाही? ही शंका हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण त्याच घरातील मुलगा पडद्यावर रोज बंदूक पाहत असतो. पडद्यावरील बंदूक खांद्याला धक्का देत नाही, तिची काडतुसे संपत नाहीत आणि तिने पाडलेला माणूस पुढच्या खेळात पुन्हा उठून उभा राहतो. फायरिंग रेंजवरील शिक्षण हा भ्रम पहिल्याच दिवशी उतरवते. प्रत्येक रायफल भरलेली आहे असेच समजावे. नळीचे तोंड माणसाकडे कदापि वळवू नये. नेम धरण्यापूर्वी बोट चापावर नेऊ नये. आज्ञा होताच थांबावे. हे चार नियम शंभरदा घोकून अंगवळणी पडलेल्या मुलाला शस्त्राचा माज चढत नाही, त्याला शस्त्राचे ओझे कळते. ज्याला स्वतःचा श्वास आवरता आला, त्याला स्वतःचा क्रोध आवरणेही थोडे सोपे जाते.

या संस्काराला साधने फार लागत नाहीत. जिल्ह्याजिल्ह्यात सुरक्षित, बंदिस्त फायरिंग रेंज हवी; छात्राच्या वाट्याला नावापुरत्या नव्हे तर हात बसेल इतक्या गोळ्या हव्यात; आणि मुलींनाही तितकीच संधी देणारे, संयमी, जाणते प्रशिक्षक हवेत. प्रजासत्ताकदिनाच्या संचलनात खांद्यावर रायफल घेऊन डौलाने चालणारा छात्र पाहून ऊर भरून येतो. पण वर्षाअखेरीस त्याने त्या रायफलीतून किती गोळ्या झाडल्या आणि किती लक्ष्यावर बसल्या, हाही प्रश्न त्याच्या पालकांनी, शिक्षकांनी आणि लोकप्रतिनिधींनी विचारावयास हवा. बोथाटी हाती न घेता कोणी भालाईत झाला नाही, आणि नुसती खांद्यावर मिरवून कोणी नेमबाजही होणार नाही.